काजू फॅक्टरीत बाईला ३४० आणि बाप्याला ५००, शेजारी दुसरी फॅक्टरी आली की हे मिटतं का?

शनिवारचं_मस्टर (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्र असते, पाककृतीच्या धाग्यावर कधीतरी "मस्त" लिहून पळते, पण आज लिहायचंच ठरवलंय कारण आठवडाभर घरात जेवताना हेच भांडण चालू आहे.

मी एका काजू फॅक्टरीत हिशेब बघते. गाव सांगत नाही, कुडाळ ते वेंगुर्ला पट्ट्यात कुठेतरी समजा. ४० बायका आणि ११ बापये. कटिंग आणि पिलिंगच्या बायका किलोवर, ग्रेडिंगच्या बायका रोजावर ३४०, बॉयलर आणि ड्रायरला बापये ५५०. आता बॉयलर जोखमीचं काम आहे, वाफेचं आहे, त्याला जास्त द्या, माझं काही म्हणणं नाही. पण झालं काय की गेल्या पावसात ग्रेडिंगला माणसं कमी पडली तेव्हा मालकांनी दोन पोरगे आणून त्याच टेबलावर बसवले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ग्रेडिंग म्हणजे गर नुसत्या नजरेने वेगळे करायचे, २४० नंबर म्हणजे एका पौंडात २४० पर्यंत गर बसतात, ३२० म्हणजे ३२० पर्यंत, आकडा लहान तेवढा दाणा मोठा आणि भाव जास्त, शिवाय पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, डागी वेगळा. आमच्या जुन्या बायका गप्पा मारत मारत हे करतात, हात आपोआप चालतो. ते दोन पोरगे दुपारपर्यंत २४० मध्ये ३२० मिसळत होते आणि संध्याकाळी बायकांनीच ते परत निवडलं. शनिवारी त्यांच्या नावापुढे ५०० रोज टाकायला सांगितला. मी विचारलं, हे कसं काय? मालक शांतपणे म्हणाले, "गो बाय, पाचशेच्या खाली सांगलंय तर तो गाडयेक किक मारून गोव्याक जातलो. ह्यो खंय जातल्यो?"

माझा मुलगा टीवायला आहे, अर्थशास्त्र घेऊन. त्याला सांगितलं तर म्हणतो आई हे फार दिवस टिकत नाही. गॅरी बेकर म्हणून अमेरिकन प्रोफेसर होऊन गेला, नोबेलवाला, त्याने १९५७ सालीच मांडून ठेवलंय म्हणे की जो मालक भेदभाव करतो तो त्याची किंमत स्वतःच्याच खिशातून भरतो, शेजारी दुसरा मालक येईल ज्याला बाई काय बाप्या काय सारखंच, तो ह्याच बायकांना ४०० देऊन नेईल, त्याचा माल स्वस्त पडेल, मग तिसरा ४५० देईल, आणि पहिला एकतर सुधारेल नाहीतर शटर ओढेल. मी म्हटलं तुझ्या बेकरला एकदा शनिवारी आमच्याकडे पाठव.

पण योगायोग असा की खरोखरच सहा किलोमीटरवर दुसरी फॅक्टरी उभी राहतेय. शेड झाली, गणपतीच्या आधी बॉयलर ट्रकवरून जाताना आम्ही सगळ्यांनी दारात उभं राहून बघितला. तर कोणाचा अनुभव आहे का? खरंच फरक पडतो?

खुल्या_बाजाराचा_फॅन | सोमवार, रात्री १०:४०

चिरंजीवांना माझ्यातर्फे शाबासकी द्या. भेदभाव ही चैन आहे, आणि चैन परवडायला पैसा लागतो. ज्याच्या उरावर स्पर्धा नाही त्यालाच ती परवडते.

लोकांना उगाच वाटतं की मालक वाईट आणि सरकार वाचवणार. दक्षिण आफ्रिकेत बघा. सोन्याच्या खाणींच्या मालकांनाच काळे कामगार जास्त घ्यायचे होते, प्रेमाने नव्हे, स्वस्त पडत होते म्हणून. १९२२ ला गोऱ्या खाणकामगारांनी जोहान्सबर्गकडे बंड केलं, सैन्य बोलवायला लागलं, आणि पुढे १९२६ ला सरकारने कायदा करून ठरावीक कुशल कामांची सर्टिफिकिटं काळ्यांना मिळणारच नाहीत अशी सोय केली. म्हंजे बाजार भिंत पाडायला निघाला होता आणि कायद्याने ती सिमेंट लावून पक्की केली. दुसरी फॅक्टरी येऊ द्या, तिसरी येऊ द्या, आपोआप होतंय सगळं.

मालवणी_खाजा | सोमवार, रात्री ११:०५

माझ्या आवशीन बावीस वर्सां काजू फोडल्यान. काजीच्या चिकान बोटां इतकी जळली की आधार कार्डाच्या मशिनीर अंगठो उमटाक नाय, तीनदा परत धाडल्यानी. राख लावायची, एरंडेल लावायची, ग्लोव्हज घातले तर हात चलना नाय आणि किलो कमी भरतत. ह्या जोखमीचा काम नाय काय ओ? बॉयलर तेवढो जोखमीचो?

शनिवारचं_मस्टर | सोमवार, रात्री ११:११

@मालवणी_खाजा, अगदी. आमच्याकडे दोघींचं रेशन अंगठ्यामुळे अडलं होतं. जोखीम कोणती मोजायची हे मोजणाऱ्यावर आहे.

गिरणगावचा_नातू | मंगळवार, सकाळी ७:५०

फॅनसाहेब, कायद्यामुळेच भेदभाव टिकतो हे अर्धं खरं. आमचं गाव मंडणगड तालुक्यात, बाबासाहेबांचं आंबडवे त्याच तालुक्यातलं. आजोबा मुंबईला गिरणीत. आयुष्यभर सूत खात्यात राहिले, विणाईला कधी घेतलं नाही. का? तर तेव्हा धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या नळीत, नवीन कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून बाहेर काढायला लागायचं. एकाच धोट्याला चार जणांची तोंडं. बाजूच्या साचेवाल्याला, म्हणजे मागावरच्या विणकराला, बाट लागते म्हणून दलितांना विणाईत मज्जाव, आणि पगार चांगला कुठे, तर विणाईतच.

आता बघा, स्पर्धा नव्हती का? मुंबईत डझनावारी गिरण्या, एकमेकींच्या जिवावर उठलेल्या, वर जपानी कापडाने त्या सगळ्यांचा घाम काढलेला. कोणता सरकारी कायदा होता का की दलिताला साच्यावर बसवू नका? नव्हता. तरी चाललं वर्षानुवर्षं. १९२८ चा तो सहा महिन्यांचा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं की विणाई खातं आमच्या लोकांना खुलं करा ही मागणी यादीत घाला, तेव्हा कुठे ती नाइलाजाने घेतली. म्हणजे भेदभाव मालकाचा नव्हताच फक्त, बरोबर काम करणाऱ्यांचा होता. तुमचा बेकर त्याचं काय करतो?

मास्तर_निवृत्त | मंगळवार, सकाळी ९:२०

सुंदर प्रतिसाद. बत्तीस वर्षं रत्नागिरीत अर्थशास्त्र शिकवलं, गिरणीचं हे उदाहरण वर्गात वापरायला हवं होतं, सुचलं नाही.

बेकर यावर गप्प नाहीये. त्याने तीन आवडीनिवडी वेगळ्या केल्या होत्या. मालकाची, सहकाऱ्याची आणि गिऱ्हाइकाची. स्पर्धेचा चाबूक बसतो तो पहिल्याला. दुसऱ्यात मालक काय करणार, एका दलित विणकरासाठी अख्खं खातं बंद पाडून घेणार? तो वेगवेगळी खाती करून मोकळा होतो, आणि तिसऱ्यात तर गिऱ्हाईकच भेदभावाचे पैसे आनंदाने मोजतं, तिथे भेदभाव करणारा मालकच जास्त कमावतो.

पण मस्टरताईंच्या मालकांचा प्रश्न या तिन्हीतला नाही असं मला वाटतं. त्यांना बायका आवडत नाहीत असं कुठंय? चाळीस बायकांवर धंदा चाललाय त्यांचा. त्यांचं ते वाक्य परत वाचा, "ह्यो खंय जातल्यो?" याला १९३३ साली जोन रॉबिन्सन बाईंनी मोनॉप्सनी नाव देऊन ठेवलंय, म्हणजे विकणारे भरपूर पण विकत घेणारा एकच. इथे विकायची वस्तू दिवसभराची मेहनत.

हिशेब मांडतो, मुलालाही दाखवा. सोपं जावं म्हणून सगळ्या ४० बायका रोजावर ३४० ला धरा. मालकाला ४१ वी बाई हवीय, ती जरा लांबच्या वाडीतली, ३७० शिवाय येत नाही. तिला ३७० दिले की सोमवारी बाकीच्या ४० जणी विचारणार, आम्ही काय घोडं मारलंय. सगळ्यांना ३० वाढवायला लागतात, ४० गुणिले ३० म्हणजे १२००, अधिक तिचे ३७०. ती ४१ वी बाई मालकाला ३७० ला नाही, १५७० ला पडली. म्हणून तो तिला घेतच नाही, ऑर्डर असली तरी दोन पोरगे ५०० ने आणतो आणि तरी ते स्वस्त पडतात, कारण त्यांचे ५०० बघून बायका "आम्हाला पण" म्हणत नाहीत. बापयांचा भाव वेगळा हे त्यांनी धरूनच ठेवलंय.

म्हणजे ५०० देणं हा मूर्खपणा नव्हता, नीट गणित होतं.

कातळावरचा | मंगळवार, सकाळी ९:३१

मास्तर, ते १५७० वाचून चहा थंड झाला.

खुल्या_बाजाराचा_फॅन | मंगळवार, सकाळी १०:०२

मास्तर, मग औषध तेच झालं ना? घेणारा एक आहे म्हणून प्रॉब्लेम, घेणारे दोन करा. मी वेगळं काय बोललो?

मास्तर_निवृत्त | मंगळवार, सकाळी १०:१५

घेणारे दोन झाले हे बाईला पोचायला पाहिजे ना. काजूगराच्या बाजारात मस्टरताईंच्या मालकाला व्हिएतनामशी टक्कर आहे, आफ्रिकेतून येणाऱ्या बियांच्या भावाशी टक्कर आहे, तिथे जीवघेणी स्पर्धा. पण मजुरीच्या बाजारात त्याची स्पर्धा फक्त बाई पायी जाऊन संध्याकाळी चूल पेटायच्या आत परत येऊ शकेल तेवढ्या अंतरात. हे दोन बाजार वेगळे आहेत. लोक एकाच शब्दात गुंडाळतात आणि मग भांडतात.

आगाऊ_तांडेल | मंगळवार, दुपारी १:४४

आमच्या धंद्यात या सगळ्याची पार खिचडी आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पावसाळी मासेमारीची बंदी उठायच्या आधी महिनाभर तांडेलासाठी, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्यासाठी, अशी पळवापळवी चालते की काय सांगू, चांगल्या तांडेलाला उचल आधी देऊन बांधतात, मासा कुठे मिळतो ते त्याच्या डोक्यात असतं आणि ते सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे तो म्हणेल तो भाव. गावच्या खलाशाला वाटा. आणि नेपाळी खलाशाला महिन्याचा ठरलेला आकडा, जाळं भरून येवो नाहीतर रिकामं. जास्त मासा लागला तर गावचा खलाशी हसतो आणि नेपाळी तेवढंच काम करून तेवढेच पैसे घेतो. हां, मासा नाही लागला तर त्याचे बुडत नाहीत हे पण खरं, उगाच एका बाजूने बोलत नाही. पण उचल त्याने पण घेतलेली असते गावाकडे पाठवायला, मग फिटेपर्यंत दुसऱ्या बोटीवर जाता येत नाही. एका जेट्टीवर शंभर बोटी लागलेल्या आहेत, शंभर मालक, स्पर्धाच स्पर्धा, पण त्याच्यासाठी बोट एकच.

आंबा बागेत राखणीला नेपाळी ठेवतात तिथेही असंच ऐकून आहे, बागवाल्यांनी सांगावं.

आंब्याचा_डेख | मंगळवार, दुपारी ३:३०

बागवाला हजर. सांगतो, शिव्या घाला पाहिजे तर. गावचा माणूस आठ ते पाच, मध्ये जेवण, ६०० रुपये, झाडावर चढून घळाने आंबा काढायचा असेल तर वेगळे. नेपाळी कुटुंब बागेतच खोपीत राहतं, महिन्यावर. रात्री माकडं, चोर, सकाळी फवारणीला पंप ओढायचा, दुपारी गवत, तासांवर भागलं तर गावच्या माणसाच्या निम्म्यालाही येत नाही. त्यांच्या बायकोचं काम तर कुठे लिहिलेलंच नसतं, पेट्या भरायला गवत अंथरायला ती असतेच.

मी एकट्याने वाढवावं का? एक सीझन वाढवून दिलं. शेजारच्या बागायतदाराने येऊन सांगितलं की भाऊ तुम्ही रेट बिघडवू नका. आणि गंमत, मी गप्प बसलो. त्यांच्याकडून फवारणीचा पंप लागतो मला.

चुलीवरची_खानावळ | मंगळवार, रात्री ९:१८

वरच्या प्रतिसादाने धीर आला म्हणून लिहिते. तारकर्लीजवळ आमचे पाच खोल्यांचे होमस्टे आहे. सुरुवातीला वाडीतली एक बाई स्वयंपाकाला ठेवली, ९००० महिना. ती "मावशी". पुढे गर्दी वाढली म्हणून एक आचारी आणला, १८०००. तो "कुक". फिश थाळी मावशी करायची आणि तो पनीर, ग्रेव्ही. गूगलवर जेवढे फोटोसकट कौतुक आले ते सगळे तिच्या तिसऱ्याच्या सुक्क्याचे आणि सोलकढीचे. तरी तीन वर्षं माझ्या डोक्यात कधी आलं नाही की दुप्पट पगाराचं कारण काय. खरं सांगते, नाही आलं. कूकला पगार असतो, मावशीला "देतो काहीतरी" असतं.

मग किनाऱ्यावर हॉटेलं वाढली आणि समोरच्या नवीन रिसॉर्टवाल्याने तिला १५००० ला नेली. तेव्हा डोळे उघडले. परत आणायला मला १७००० द्यायला लागले. तेव्हा त्या मुलाचं बरोबरच आहे, स्पर्धेने झालं हे, कुठल्या साहेबाने येऊन नाही केलं. फक्त तिच्या हाताची चव गिऱ्हाइकाला कळत होती म्हणून. भांडी घासणाऱ्या आणि चादरी बदलणाऱ्या दोघींचा पगार मात्र तिथेच आहे, त्यांना कोणी पळवायला येत नाही.

आणि पुढचं ऐका. त्यानंतर आमच्या पट्ट्यातल्या हॉटेलवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. वरवर पार्किंग आणि कचऱ्यासाठी. दुसऱ्याच आठवड्यात मेसेज, "कोणी कोणाचा स्टाफ विचारल्याशिवाय घेऊ नये ही विनंती." खाली बारा अंगठे. त्यातला एक माझा.

गिरणगावचा_नातू | मंगळवार, रात्री ९:४०

ताई, हे लिहायला हिंमत लागते. साष्टांग.

मास्तर_निवृत्त | मंगळवार, रात्री १०:०५

अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली लिहून ठेवलं होतं की मालक लोक मजुरी वाढू नये म्हणून कायम आणि सगळीकडे आतून एकत्र असतात, फक्त ते कोणाच्या कानावर येत नाही. त्याच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, नाहीतर स्क्रीनशॉट टाकला असता.

बँकवाली_आत्या | बुधवार, दुपारी १२:३०

बँकेत होते, स्केल ठरलेलं, त्यामुळे बाई म्हणून बेसिक कमी असं आमच्यात नाही. प्रमोशनचं विचारू नका.

पण बँकांवरच एक प्रसिद्ध अभ्यास आहे तो इथे चपखल बसतो. अमेरिकेत पूर्वी बँकांना राज्याबाहेर, कधी कधी जिल्ह्याबाहेरही शाखा काढायला बंदी असायची, म्हणजे गावोगावी एकेक बँक राजासारखी. सत्तरच्या दशकापासून ही बंधनं राज्याराज्याने उठत गेली आणि स्पर्धा वाढली. सँड्रा ब्लॅक आणि फिलिप स्ट्राहान यांनी २००१ मध्ये दाखवलं की त्यानंतर बँकेतल्या पुरुषांचे पगार साधारण १२ टक्के उतरले आणि बायकांचे ३ टक्के. वरच्या पदांवर बायकाही वाढल्या. म्हणजे मक्तेदारीतला जो जास्तीचा मलिदा होता तो मालक पुरुषांना वाटत होते, मलिदा संपला तसं वाटपही संपलं. बेकर बरोबर निघाला.

पण आकडे परत वाचा. दरी कमी झाली ती बायकांचं वाढून नाही, पुरुषांचं जास्त कमी होऊन. आमच्या गावात ५०० चे ३८० झाले आणि ३४० चे ३३० झाले तर दरी बुजली म्हणून सत्यनारायण घालायचा का?

खुल्या_बाजाराचा_फॅन | बुधवार, दुपारी १२:४९

हा अभ्यास मीच टाकणार होतो, पण शेवटच्या ओळीने माझी पंचाईत केलीत आत्या.

मोडी_लिपी | बुधवार, सायंकाळी ६:१५

कायद्याचं कोणीच बोललं नाही म्हणून. समान वेतन कायदा १९७६ चा, आता तो वेतन संहिता २०१९ मध्ये विलीन झालाय आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. एकाच किंवा तशाच स्वरूपाच्या कामाला बाई म्हणून कमी देता येत नाही. "परवडत नाही" हे कारणही चालत नाही, मुंबईतल्या एका जहाज कंपनीच्या लेडी स्टेनोग्राफरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९८७ सालीच हे स्पष्ट केलंय. तुमचं ते ग्रेडिंगचं टेबल म्हणजे सरळसरळ केस आहे. तक्रार कोण करणार हा भाग वेगळा.

मालवणी_खाजा | बुधवार, सायंकाळी ६:२२

तक्रार करूची आणि दुसऱ्या दिवशी खंय जावचा, ता पण सुप्रीम कोर्टान सांगल्यान काय?

कातळावरचा | बुधवार, रात्री ८:००

एक साधी गोष्ट राहिली. रोजगार हमी. तिथे बाई-बाप्या एकच दर, २०२५-२६ ला आपल्या राज्यात ३१२ होता. हा आकडा ३४० पेक्षाही कमी, पण आमच्या वाडीत बांधबंदिस्तीचं काम निघालं त्या उन्हाळ्यात लावणीचा बायकांचा रोज लगेच ५० ने चढला. कारण पहिल्यांदाच दुसरं काहीतरी होतं. सरकारसुद्धा एक गिऱ्हाईकच झालं की मजुरीचं. बापयांच्या रोजावर काही परिणाम नाही, ते आधीच चिरेखाणीवर जास्त घेत होते.

आणि एसटीचं अर्धं तिकीट, १७ मार्च २०२३ पासून झालं ते. माझी वहिनी त्यानंतर सावंतवाडीला कपड्याच्या दुकानात जायला लागली. पूर्वी निम्मा पगार तिकिटात जायचा.

शनिवारचं_मस्टर | सहा आठवड्यांनी, शनिवार रात्री ११:२०

मंडळी, धागा वर काढतेय, अपडेट द्यायचा होता.

नवीन फॅक्टरी दसऱ्याला सुरू झाली. ग्रेडिंगला ४०० देतात आणि एका वाडीत सकाळी टेम्पो पाठवतात. आमच्याकडच्या त्या वाडीतल्या नऊ जणी होत्या, पहिल्या आठवड्यात तिघी गेल्या. मुलगा आनंदाने घरभर नाचला, बेकर बेकर करत.

मग आमच्या मालकांनी मला बोलावलं आणि मस्टरमध्ये एक नवीन कॉलम टाकायला सांगितला. नाव "प्रवास भत्ता", ५० रुपये. कोणाला? उरलेल्या त्या सहा जणींना. ज्या फॅक्टरीपासून सगळ्यात जवळ राहतात, चालत दहा मिनिटं! लांबच्या वाडीतून दीड तास डोंगर उतरून येणाऱ्यांना भत्ता नाही, कारण तिकडे टेम्पो जात नाही. मी म्हटलं, दादा, नाव तरी दुसरं द्या. तर म्हणाले, मग "हजेरी भत्ता" लिही.

मास्तर, तुमच्या ४० गुणिले ३० चा प्रश्न त्यांनी असा सोडवला. तुमच्याकडे शिकायला होते का ते?

आणि बोंब व्हायची ती झालीच. पाकिटं वेगवेगळी दिली तरी सोमवारी नळावर सगळ्यांना कळलं. लांबच्या वाडीतल्या ज्या ग्रेडिंगला सगळ्यात जुन्या आहेत, ज्यांनी त्या पोरग्यांचं काम परत निवडलं होतं, त्यांनी दुपारचा चहा घेतला नाही. भांडल्या नाहीत काही नाही, फक्त कप तसेच ठेवले टेबलावर ओळीने, वर साय धरली. मालक दोनदा येऊन बघून गेले. आज त्यांना पण २५ लावायला सांगितलेत. २५ च का, ते त्यांनाच ठाऊक.

मास्तर_निवृत्त | शनिवार, रात्री ११:३८

माझ्याकडे शिकले असते तर नापास झाले असते, हे पुस्तकात नाही. एकाच कामाला आता तुमच्याकडे किती दर झाले? जवळच्या बायकांना ३९०, लांबच्यांना ३६५, बाप्याला ५००. आणि ज्या तीन जणी गेल्या त्यांनी हे सगळं घडवलं.

चुलीवरची_खानावळ | रविवार, सकाळी ६:५५

ते कप डोळ्यासमोरून जात नाहीयेत.

शनिवारचं_मस्टर | रविवार, सकाळी ८:१०

एक विचारायचं होतं, म्हणून परत आले. लांबच्या वाडीतल्या चौघी नवीन फॅक्टरीत जायला तयार आहेत, सकाळची एसटी मिळते, पण तिकडे सुटतात साडेपाचला आणि शेवटची गाडी तिथून पाच दहाला निघते. पूर्वी सव्वासहाची एक होती, लॉकडाऊनमध्ये बंद झाली ती झालीच. डेपोत कोणाची ओळख आहे का? ती परत सुरू करायला अर्ज कोणाकडे करायचा असतो?

कातळावरचा | रविवार, सकाळी ८:४२

आगारप्रमुखाकडे. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, आणि शाळेच्या मुलांची नावं घाला, नुसत्या बायकांसाठी म्हटलं तर लवकर हलत नाहीत. आम्ही केला होता, ड्रायव्हर कमी आहेत म्हणून सांगितलं.

शनिवारचं_मस्टर | रविवार, सकाळी ८:५०

बारावीला वाडीतली पाच मुलं आहेत. आजच लिहायला घेते.